गावाकडच्या घरात आई-वडील भाजू नयेत म्हणून पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

अप्पांचे दोन्ही पाय भाजले तेव्हा घरात आग नव्हती, धूर नव्हता, आरडाओरडा तर नव्हताच. डिसेंबरची संध्याकाळ होती. पाय ठणकतायत म्हणून आईनं पातेलंभर पाणी तापवून टबात ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि अप्पांनी पाय बुडवले. आईनं विचारलं, "लई गरम तर न्हाई ना?" अप्पा म्हणाले, "कोमटच हाय की." पंधरा-वीस मिनिटांनी पाय बाहेर काढले तर घोट्यापर्यंत लालभडक, आणि रात्रीपर्यंत टरारून फोड. जुन्या मधुमेहानं तळपायाची जाणीव गेली होती. ते आम्हां कोणालाच ठाऊक नव्हतं, अप्पांनाही नव्हतं. शेजारच्या काकूंनी मायेनं टूथपेस्ट लावली. जखमा भरायला चार महिने लागले.

मी पुण्याला, भाऊ छत्रपती संभाजीनगरला आणि आई-अप्पा औसा तालुक्यातल्या घरात. मराठवाड्यात अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. ज्यांना आत्ता कुठं वाटायला लागलंय की आई-वडिलांच्या घराकडं एकदा नीट बघायला हवं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दोन दिवसांची सवड काढा. दिवाळीला नाही तर येळवशीला (वेळ अमावस्येला) घरी जालच, त्यातले दोन दिवस पुरतात.

एक गोष्ट मात्र मनात पक्की करून जा. आईच्या सवयी चुकीच्या नाहीत. चाळीस वर्षं तिनं त्याच सवयींनी घर चालवलं आणि कोणाला चटका लागू दिला नाही. सवयी त्याच राहिल्या, शरीर बदललं. कातडी पातळ झाली, हात कापायला लागले, नाक-कान मंदावले, चटका बसल्यावर हात मागं घ्यायला उशीर होऊ लागला. म्हणून तिला बोलायचं नाही, घर बदलायचं.

आधी एक पूर्ण दिवस नुसतं बघा

सकाळी चुलांगण पेटल्यापासून रात्री दाराला कडी लागेपर्यंत त्यांच्या मागं-मागं राहा. सुधारायला जाऊ नका, नुसतं बघा. पाणी कुठं तापतं आणि कुठवर उचलून नेलं जातं? गॅस पेटवताना आई आधी बटण फिरवते की आधी काडी ओढते? पातेलं फडक्यानं उतरवते की पदरानं? मांडणीवरची भांडी उलटी करून बघा. बुडाला करपून काळी झालेली दोन-तीन पातेली सापडली, तर गॅसवर ठेवून विसरणं सुरू झालंय असं समजा. पदराच्या टोकाला जळलेली भोकं, मनगटाच्या आतल्या बाजूला जुने चट्टे हेही बघा. हे कोणी आपण होऊन सांगत नाही. "कायी न्हाई, वाफ लागली जराशी" एवढंच ऐकायला मिळतं.

दोन साध्या परीक्षा घरीच होतात. डोळे मिटायला सांगा आणि हिंगाची डबी उघडून नाकाखाली धरा. हिंग ओळखता आला नाही, तर गळणाऱ्या गॅसचा वासही येणार नाही. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं, पण ओळखायला नाक तर हवं. दुसरी परीक्षा पायाची. डोळे मिटलेले असताना तळव्याला आणि बोटांना कापसाचा बोळा हलकेच लावा आणि "आता कळलं?" असं विचारत जा. अप्पांना एकदाही कळलं नाही. ही काही डॉक्टरांची तपासणी नव्हे, पण डॉक्टरांकडं जायला एवढं कारण पुरे. मधुमेह असेल तर पायाची जाणीव वर्षातून एकदा तपासून घ्याच.

अंघोळीचं पाणी

आग म्हटलं की सगळ्यांना गॅस आठवतो. पण म्हाताऱ्या माणसांच्या घरात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती गरम पाण्याची, कारण ते रोज लागतं, आणि दिसायला थंड पाण्यासारखंच असतं.

६० अंशांच्या पाण्यानं धडधाकट माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. ४९-५० अंशांना त्याच भाजण्याला काही मिनिटं लागतात. म्हातारी कातडी दोन्हीकडं त्याहून लवकर भाजते. म्हणजे पाण्यातले दहा अंश कमी केले की पाय मागं घ्यायला, ओरडायला, कोणी धावत यायला वेळ मिळतो. त्यासाठी घरात स्टोरेज गीझर असेल तर त्याचा थर्मोस्टॅट ५० च्या आसपास आणून घ्या. वायरमनला दहा मिनिटांचं काम आहे.

सोलर असेल तर जास्त जपा. आपल्याकडच्या उन्हात सोलरचं पाणी ६० च्या पुढं सहज जातं, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर अंघोळीला गरम पाणी नकोच असतं, पण नळ तोच असतो. गरम नळाच्या चावीला लाल कापडाची चिंधी घट्ट बांधा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती दिसते आणि हाताला लागतेही. ऐपत असेल तर थंड-गरम आपोआप मिसळून ठरलेल्या तापमानाचंच पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

आणि हा नियम घरात सगळ्यांनी पाळायचा: बकेटीत आधी थंड, मग गरम. आधी कढत पाणी घेऊन विसावण घालायला कोणी गेलं, तेवढ्यात फोन आला, आणि मागून आलेल्या म्हाताऱ्या माणसानं सरळ तांब्या भरून अंगावर घेतला, असं होतं. आधी थंड असलं की मध्ये काहीही झालं तरी बकेटीतलं पाणी भाजणारं नसतं. अंगावर घेण्याआधी पाणी कोपरानं बघायचं. कामानं राठ झालेल्या बोटांपेक्षा कोपराला गरम लवकर कळतं. पायाची जाणीव गेलेली असेल तर पाणी दुसऱ्यानं बघायचं, किंवा पाण्यात बुडवायचा थर्मामीटर आणून ठेवायचा. ३८-४० अंश पुष्कळ झाले.

चुलीवर किंवा गॅसवर पाणी तापवून न्हाणीत नेण्याची पद्धत असेल तर ती वाटच एकदा चालून बघा. आमच्या घरात स्वयंपाकघर ते न्हाणी यात दोन उंबरे आणि एक ओली फरशी लागायची. आई दोन्ही हातांत फडकं धरून दहा लिटरचं पातेलं नेत होती. वयाच्या बहात्तराव्या वर्षी! आता पाणी न्हाणीतच तापतं. हे जमत नसेल तर कान असलेल्या छोट्या भांड्यातून, अर्धं-अर्धं, चार खेपांत न्या. बंब असेल तर त्याच्या तोटीखाली बकेट ठेवायला पक्की जागा करा आणि राख काढणं सकाळीच, बंब थंड असताना होऊ द्या.

पाण्यात टाकायचा रॉड मात्र मी घरातून काढूनच टाकला. बटण चालू असताना "पाणी तापलं का" म्हणून बोट बुडवण्याची सवय सुटत नाही, आणि लोखंडी बकेटीत रॉड ठेवला तर बकेटीलाच शॉक येतो. काढणं शक्यच नसेल तर आयएसआय शिक्क्याचा रॉड, प्लॅस्टिकची बकेट, आणि आधी बटण बंद करून पिन काढायची, मगच पाण्याला हात, एवढं तरी बघा. गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर हवा. बंद न्हाणीत त्याचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो, आणि माणूस आतल्या आत कोसळतो.

मधुमेहाच्या पायांना गरम पाण्याचा शेक नाहीच द्यायचा. मिठाची पोटली नको, विटकर तापवून नको, गरम पाण्याची पिशवीही नको. पाय गार पडत असतील तर लोकरीचे मोजे घाला. जाणीव शाबूत असलेल्यांनी पाठ-गुडघे शेकताना पिशवी टॉवेलात गुंडाळायची, दहा मिनिटांनी काढायची, आणि पिशवी घेऊन झोपायचं नाही. उन्हाळ्यात देवदर्शनाला गेल्यावर हेच पाय तापलेल्या फरशीवर अनवाणी चालतात आणि तळवे सोलून निघतात तरी कळत नाही. ऊन तापायच्या आत किंवा दिवे लागल्यावर दर्शनाला न्या, आणि पायात जाड मोजे राहू द्या.

गॅस

एजन्सीचा मेकॅनिक तुम्ही घरी असताना बोलवा. त्याच्याकडून करून घ्यायच्या गोष्टी मोजक्या आहेत. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली असतील तर चिरा दिसत नसल्या तरी बदला. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून किंवा कपाटामागून नेलेली नको. टाकीच्या तोंडातला रबरी वायसर बघून घ्या. नवी टाकी लावली की साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. काडी ओढून गळती बघणारे लोक अजून आहेत, आई-अप्पांना हे नको म्हणून स्पष्ट सांगा. टाकीच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करायची.

गावाकडच्या पुष्कळ घरांत शेगडी अजून जमिनीवर आहे. आई पाटावर बसून भाकरी करते, टाकी शेजारीच उभी. इथं दोन अडचणी आहेत. एक, एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि नेमका जाळाच्या उंचीला येऊन थांबतो. दुसरी, बसलेल्या बाईचा पदर आणि लुगड्याचा घोळ जाळाच्या पातळीतच असतो, आणि गुडघे धरलेले असल्यामुळं चटकन उठता येत नाही. शेगडी टाकीपेक्षा उंच, ओट्यावर घ्या. आई कुरकुरेल, भाकरी उभ्यानं थापता येत नाही म्हणेल. खरं आहे ते. मग पीठ मळून भाकरी काठवटीत बसून थापू द्या आणि भाजायचं काम तेवढं ओट्यावर. आमच्याकडं पंधरा दिवस धुसफूस चालली, नंतर गुडघ्यांनीच माझी बाजू घेतली.

शेगडी घ्यायचीच झाली तर जाळ विझला की गॅस आपोआप बंद करणारी घ्या. दूध उतू जाऊन जाळ विझतो, गॅस तसाच वाहत राहतो, आणि वास न येणाऱ्या माणसाला ते कळत नाही. अशा घरात गॅस गळतीचा भोंगा बसवा, पण जमिनीपासून वीतभर-दीड वीत वर, छताजवळ नाही. विसरभोळेपणा बराच वाढला असेल तर चहा-दुधापुरती इंडक्शन शेगडी द्या. छातीत पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. रात्री झोपताना रेग्युलेटरचं बटण बंद करण्याचं काम अप्पांकडं द्या. अप्पांनी ते देवाच्या कामासारखं धरलंय, आणि रोज नऊ वाजता मला फोनवर सांगतात, "बंद केलं बरं का."

स्वयंपाकाला पदर खोचलेला हवा. हिवाळ्यात अंगावर शाल असते, ती पिन लावून किंवा मागं गाठ मारून. टेरिकॉट-पॉलिस्टरचं लुगडं पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, सुती भराभर पेटतं पण चिकटत नाही. म्हणून सुतीच, पण घट्ट नेसलेलं. पदरानं भांडं धरायचं बंद व्हावं म्हणून सांगत बसू नका, चांगली पक्कड आणि जाड सुती हातरुमाल शेगडीच्या उजव्या हाताला खिळ्याला टांगा. कढई-तव्याचे दांडे आत वळवलेले असू देत.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी अजिबात नको. पाणी पडलं की जळतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करायचा आणि कढईवर ताटली सरकवून झाकायची, आणि गार होईपर्यंत उघडायची नाही. बटणापर्यंत हात पोचत नसेल तर झाकून बाहेर पडायचं.

चूल अजून पेटत असेल, आणि पेटतेच, कारण तुराट्या-पळाट्या फुकट असतात, तर ओल्या काटक्यांवर रॉकेल, डिझेल ओतणं बंद. विझल्यासारख्या दिसणाऱ्या चुलीत ओतलं की जाळ बाटलीपर्यंत मागं येतो. एका डब्यात कोरड्या गोवऱ्यांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या कायम भरून ठेवा, ओतायची वेळच येणार नाही.

देवघर

इथं हात घालताना जपून. निरांजन लावू नका असं मी आईला कधीच म्हणणार नाही. नवरात्रात आपल्याकडं घरोघरी घट बसतात, नऊ दिवस नंदादीप अखंड तेवतो, आणि तो विझू नये म्हणून म्हातारी माणसं रात्री दोन-दोनदा उठतात. झोपेच्या डोळ्यांनी, अंधारात, हातात तेलाची बुधली.

दिव्याची जागा बदला, दिवा नाही. लाकडी देव्हाऱ्यात, मखमलीच्या आसनावर, वर झिरमिळ्या लटकलेल्या, असा दिवा नको. खाली रुंद परात, परातीत वाळू, वाळूत दिवा रोवून बसवायचा, वर काचेची उभी चिमणी ठेवायची. काच हवीच, कारण तेलाच्या वासानं उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि आग लागते ती कपाटामागं किंवा माळवदाच्या लाकडात. तेल घालायचं काम संध्याकाळी कोणीतरी तरुण माणसानं करून जायचं, मोठा दिवा घेतला की रात्रभर पुरतं. हात कापत असतील तर कापूर ताटात हातात धरून ओवाळण्यापेक्षा जड धूपपात्रात पाटावर पेटवावा आणि देवाला हात जोडावेत. आईला हे पटवायला मी गुरवकाकांची मदत घेतली. त्यांनी सांगितलं ते तिनं लगेच ऐकलं.

थंडी आणि रात्र

परभणीकडं काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली जातो, बाकी मराठवाड्यातही पहाटे हुडहुडी भरते. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपायची जुनी रीत आहे. ती पूर्ण बंद करा. वाकळ खाली लोंबते आणि धुमसत राहते, आणि बंद खोलीत निखाऱ्यांच्या कार्बन मोनॉक्साइडनं झोपेतच माणूस जातो. दोन वाकळी, कानटोपी, मोजे. शेकोटी अंगणात, कडब्याच्या गंजीपासून लांब, आणि धोतराचा सोगा, शाल आवरून, वारा जिकडून येतो त्या बाजूला बसून शेकायची.

मच्छर अगरबत्ती पत्र्याच्या ताटलीत, अंथरुणापासून हातभर लांब. बिडी ओढणाऱ्या वडिलांची सवय तुम्ही दोन दिवसांत सोडवू शकणार नाही, पण बाजेवर पडून ओढायची नाही एवढं वचन घेता येतं. बिडी विझवायचा वाळू भरलेला डबा बाजेशेजारी नको, ओसरीवर ठेवा, म्हणजे बिडीही ओसरीवरच ओढली जाईल. घरात ऑक्सिजन लावलेला असेल तर त्या खोलीत बिडी, काडी, निरांजन, काहीच नको.

वीज गेली की मेणबत्तीऐवजी आपोआप लागणारे चार्जिंगचे बल्ब. विजेच्या पाटीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारं बटण) नसेल तर बसवून घ्या, अर्थिंग तपासा, आणि एकाच बोर्डावर तीन पिना खोचलेल्या दिसल्या तर जास्तीचं सॉकेट बसवून घ्या. धुराचा भोंगा झोपायच्या खोलीत, छताला किंवा तुळईला. स्वयंपाकघरात नको, फोडणीनं रोज वाजेल आणि चौथ्या दिवशी अप्पा सेल काढून ठेवतील.

आता कुलूप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हापासून आमच्या आईला गाढ अंधारातही दार कुठल्या बाजूला आहे ते कळतं. पण चोरांच्या धास्तीनं त्याच दाराच्या चॅनल गेटला ती रात्री आतून कुलूप लावायची आणि किल्ली गादीखाली. खिडक्यांना गज. असं घर आतून पेटलं तर बाहेर पडायचं कुठून? कुलपाऐवजी आतून नुसती फिरवायची कडी लावून घेतली. ते जमत नसेल तर किल्ली दाराशेजारी, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला, रोज त्याच खिळ्याला. दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडं. बाजेपासून दारापर्यंतची वाट मोकळी हवी, तिथं धान्याची पोती नकोत.

अग्निशामक नळकांडी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. घेतली तर एबीसी पावडरची लहान घ्या. पण सत्तरीच्या माणसानं ती पिन ओढून आगीसमोर उभं राहावं असं मला वाटत नाही. त्यांनी बाहेर पडावं, नळकांडी शेजारच्या तरुण पोरानं वापरावी. त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या दारात एक घोंगडं टांगून ठेवा. लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

कपड्यांनी पेट घेतला, किंवा गॅसचा वास आला

पेटलेल्या माणसानं पळायचं नाही, पळालं की जाळ वाढतो. थांबायचं, आडवं व्हायचं, लोळायचं. गुडघ्यांमुळं लोळता येत नसेल तर जवळच्यानं घोंगडं किंवा जाड सुती सतरंजी गळ्यापासून खाली गुंडाळून दाबायची आणि मग पाणी. सिंथेटिक ब्लँकेट वापरू नका.

गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. पंखा, दिवा, फ्रिज, काहीही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, सगळे बाहेर, आणि अंगणात गेल्यावर फोन लावायचा १९०६ ला. तो गॅस गळतीचा चोवीस तासांचा नंबर आहे.

भाजलंच तर: वीस मिनिटं पाणी

बर्फ, हळद, तूप, शाई, टूथपेस्ट, चुना यांतलं काही नाही. भाजलेल्या जागेवर पूर्ण वीस मिनिटं गार, वाहतं पाणी, घड्याळ लावून. कातडीत शिरलेली उष्णता आतल्या आत भाजत राहते, पाणी ती बाहेर ओढून घेतं. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. काकूंच्या टूथपेस्टऐवजी आमच्या घरात त्या संध्याकाळी कोणी रांजणातलं पाणी घेतलं असतं तर अप्पांचे चार महिने वाचले असते, असं मला अजूनही वाटतं.

पण मराठवाड्यात "वीस मिनिटं नळाखाली धरा" हे सांगणं सोपं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अजूनही पुष्कळ गावांत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आणि असला तरी मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हातालाच चटका देतं, ते भाजल्यावर ओतून काय उपयोग! म्हणून भाजल्यावरचं पाणी आधीच बाजूला काढून ठेवावं लागतं. आम्ही न्हाणीच्या गार कोपऱ्यात दोन झाकणाच्या बकेटी कायम भरून ठेवतो, दर तीन दिवसांनी ते पाणी झाडांना घालून नवं भरतो. उन्हाळ्यात वापरायची वेळ आली तर रांजणातलं किंवा माठातलं घ्यायचं. हात किंवा पाय परातीवर धरायचा, तांब्यानं संथ धार सोडायची. एका मिनिटाला दीड-दोन लिटर धरलं तरी दोन बकेटीत भागतं. फारच तुटवडा असेल तर परातीतलं स्वच्छ पाणी पुन्हा ओता. पाणी न ओतण्यापेक्षा ते बरं.

पाणी ओतत असतानाच अंगठी, बांगड्या, पाटल्या, पाय भाजला असेल तर जोडवी काढून घ्या. अर्ध्या तासात सूज येते, मग ती कापूनच काढावी लागतात. कपडे काढा, पण चिकटलेला कपडा ओढू नका. भाजलेला भाग गार करायचा आणि माणूस गरम ठेवायचा. हिवाळ्यात म्हातारं माणूस ओल्या अंगानं लगेच गारठतं, बाकी अंगावर कोरडी वाकळ टाका. नंतर स्वच्छ धुतलेलं सुती कापड किंवा स्वयंपाकघरातलं अन्न झाकायचं पातळ प्लॅस्टिक (क्लिंग फिल्म) वरून अलगद ठेवा. फोड फोडू नका.

रुग्णाच्या बोटांसकट तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं भाजलं असेल, चेहरा, हात, पाय, सांधे, जांघ यांपैकी काही भाजलं असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडून दुखतच नसेल, तर दवाखान्यात. न दुखणं हे चांगलं लक्षण नाही. मधुमेह असेल तर लहान जखमही त्याच दिवशी दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. विजेचा झटका बसला असेल तर आधी मेन बंद, आणि वर डाग चिमूटभर दिसला तरी दवाखाना, कारण आतलं भाजणं बाहेरून दिसत नाही. धूर नाकातोंडात गेला असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर एक मिनिट न थांबता १०८. मोठ्या भाजण्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं छत्रपती संभाजीनगर (घाटी), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथं आहेत. तुम्हाला जवळचं कोणतं, आणि तिथं रात्री भाजलेला रुग्ण कुठल्या दाराने आत घेतात, हे याच दोन दिवसांत विचारून या.

भिंतीवरचा कागद

निघायच्या आधी जाड काळ्या शाईनं, अंगठ्याएवढ्या अक्षरांत एक कागद लिहा आणि फोन ठेवायच्या जागेवर चिकटवा. आमच्या कागदावर एवढंच आहे: गॅस १९०६. अँब्युलन्स १०८. काहीही झालं तर ११२. तालुक्याच्या नगरपरिषदेच्या अग्निशमनचा नंबर, कारण गाडी तिथूनच येते. शेजाऱ्यांचा नंबर, दुसरी किल्ली त्यांच्याकडं. भाजलं तर बकेटीतलं पाणी, वीस मिनिटं, दुसरं काही लावायचं नाही. सगळ्यात खाली गॅसची नळी बदलल्याचा महिना आणि वर्ष. आईला वाचता येत नाही, म्हणून तिच्यासाठी बकेटीच्या झाकणावर लाल रंगानं एक हात काढून ठेवलाय.